पोटात गाठ निघाली तर: दुर्बिणीच्या तपासणीपासून ऑपरेशननंतरच्या घरापर्यंत

पोटाच्या गाठींच्या बाबतीत उशीर होतो तो बहुधा पहिल्या तपासणीआधी. एकदा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरात एकदम धावपळ सुरू होते, "उद्याच कापून काढा" म्हणून. खरं तर हे उलटं व्हायला हवं. दुर्बिणीची तपासणी याच आठवड्यात व्हावी, आणि ऑपरेशन मात्र सगळे रिपोर्ट समोर ठेवून, ठरलेल्या क्रमानं व्हावं. गाठ पूर्ण निघण्याची सगळ्यात चांगली संधी पहिल्या ऑपरेशनलाच असते. अर्धवट झालेलं काम दुसऱ्यांदा पोट उघडून दुरुस्त करणं फार अवघड जातं.

हा लेख अन्ननलिका, जठर, लहान-मोठं आतडं आणि गुदाशय यांतल्या गाठींबद्दल आहे, आणि तो नागपूर नि आसपासच्या जिल्ह्यांतल्या घरांसाठी लिहिला आहे. तो वाचून डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. औषधं आणि डोस त्यांनीच ठरवायचे.

अंगावर काढू नयेत अशी लक्षणं

"मूळव्याधच आहे जी, गर्मीनं होते." विदर्भात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि गुदाशयाच्या गाठीचे कित्येक महिने त्यातच वाया जातात. मूळव्याधीचं रक्त बहुधा शौच झाल्यावर, लालभडक, थेंब थेंब पडतं. शौचात मिसळलेलं रक्त, सोबत शेंबडासारखा स्राव, पुन्हा पुन्हा जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना, किंवा शौचाची वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणं, हे मूळव्याधीच्या खात्यात टाकू नका. एकाच माणसाला मूळव्याध आणि गाठ दोन्ही असू शकतात, हेही लक्षात असू द्या. गुदाशयातल्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. रक्त पडतं म्हणून गेलात आणि बोटानं तपासणी न करताच मलम लिहून मिळालं, तर तपासणी अपुरी झाली आहे. लाज बाजूला ठेवून तसं स्पष्ट म्हणा.

अन्ननलिकेची गाठ हळूहळू कळते. आधी भाकरी अडकते, मग पोळी, मग भात. रुग्ण नकळत जेवण बदलत जातो. भाकरी वरणात कुस्करून खातो, मग पेजेवर येतो, आणि "वय झालं, भूक नाही" असं सगळेच समजून चालतात. गिळताना अडकणं हे वयाचं लक्षण नाही. रोज बिडी, दारू किंवा तंबाखू-खर्रा असणाऱ्या माणसाला असं झालं तर एक दिवसही थांबू नये.

जठराच्या गाठीत दोन घासांत पोट भरतं, वजन उतरतं, उलटीत आदल्या दिवशीचं अन्न येतं, शौच काळं आणि चिकट होतं. ॲसिडिटीच्या गोळीनं काही दिवस बरंही वाटतं, आणि धोका इथेच आहे. गोळी जळजळ झाकते, गाठ आत वाढत राहते.

उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याची गाठ तर कधी कधी काहीच जाणवू देत नाही. फक्त हिमोग्लोबिन उतरतं. पुरुषात कुठल्याही वयात, आणि पाळी गेलेल्या बाईत, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया निघाला तर लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपवायचा नसतो. वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून बघावं लागतं. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, म्हणून ॲनिमियाचं खापर कधी त्याच्यावर फुटतं. फेरिटिनची साधी रक्ततपासणी लोह कमी आहे की नाही ते सांगते.

शौच आणि वायू दोन्ही बंद होऊन पोट फुगलं, रक्ताची उलटी झाली, किंवा काळ्या शौचासोबत भोवळ आली तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा.

दुर्बीण: अर्धं काम तुमच्या तयारीचं

वरची दुर्बीण, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी, सोपी असते. सहा ते आठ तास उपाशी जायचं, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, आणि काही मिनिटांत तपासणी होते.

खालच्या दुर्बिणीचं, म्हणजे कोलोनोस्कोपीचं, यश मात्र आतडं किती स्वच्छ आहे यावर ठरतं. अर्धवट तयारीत छोटी गाठ सुटते, किंवा तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून हे नीट वाचा:

- दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद. जवसाची चटणी, तीळ, पेरू, टोमॅटो, काकडी, पालेभाज्या नकोत. मऊ भात, गाळलेलं वरण, दही, मैद्याची ब्रेड चालते.
- लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्यांनी आतड्यात काळा थर बसतो.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं यांबद्दल तारीख घेतानाच विचारा. आपल्या मनानं बंद करू नका.
- आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, वरणावरचं पाणी. लाल-जांभळी सरबतं नकोत, ती आत रक्तासारखी दिसतात.
- जुलाबाची पावडर साधारणतः दोन लिटर पाण्यात असते. अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी तपासणीच्या चार-सहा तास आधी प्यायची. एकदम सगळी प्यायल्यानं उलटी होते आणि आतडंही नीट साफ होत नाही. थंड करून, पंधरा-वीस मिनिटांनी एकेक ग्लास घ्या.

शेवटी नुसतं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडलं की तयारी झाली. गढूळ पडत असेल तर निघण्याआधी फोन करून सांगा. गाठीमुळे आतडं अडत आल्याची शंका असेल, तर ही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका.

तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरतो का

नाही. दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीनं अन्ननलिका, जठर किंवा आतड्याचा कॅन्सर पसरत नाही. या एका भीतीपायी लोक महिनोन्‌महिने काढे घेत बसतात, म्हणून इतक्या स्पष्ट शब्दांत लिहितो आहे. जठरातल्या संशयित जखमेतून सहा-आठ तुकडे घेतात, कारण एका तुकड्यात नेमका रोग सापडेलच असं नाही. रिपोर्ट "नॉर्मल" आला आणि दुर्बिणीत मात्र गाठ दिसत असेल, तर पुन्हा तुकडा घ्यायला हवा.

रिपोर्टवरचं नाव पुढची सगळी दिशा ठरवतं. जठर आणि मोठ्या आतड्यात बहुधा ॲडेनोकार्सिनोमा निघतो, अन्ननलिकेत आपल्याकडे जास्त करून स्क्वॅमस. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, निघाला तर मुख्य उपचार औषधांचा, ऑपरेशनची गरज क्वचितच पडते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असेल तर 'केआय-६७' हा आकडा बघतात. तो जितका कमी, तितकी गाठ संथ.

जिस्ट ही गाठ वेगळीच. ती आतड्याच्या आतल्या अस्तरातून नव्हे, भिंतीतून उगवते. म्हणून वरवरच्या तुकड्यात ती कित्येकदा सापडत नाही, आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडनं आतून सुई घालून नमुना घ्यावा लागतो. सीटी स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल आणि गाठ सहज निघण्यासारखी असेल, तर बायोप्सी न करता थेट ऑपरेशनही करतात. 'सीडी ११७' आणि 'डॉग-१' या तपासण्या तिचं निदान पक्कं करतात.

पॅथॉलॉजीकडून मेणातले ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसरं मत घेताना, किंवा कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या हर-२ आणि एमएमआर या तपासण्यांसाठी, तेच लागतात. उन्हाळ्यात बंद गाडीत ब्लॉक ठेवू नका, मेण वितळतं.

कुठवर गेलंय ते आधी कळू द्या

छाती, पोट आणि ओटीपोट यांचा कॉन्ट्रास्ट सीटी हा पाया. त्याआधी किडनीचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर सांगायला हवं. गुदाशयाच्या गाठीला सीटी पुरत नाही, ओटीपोटाचा एमआरआय हवाच. गाठ भिंतीच्या बाहेर किती आली आहे आणि ऑपरेशनच्या कडेपासून किती अंतर राहील, हे एमआरआयवरच दिसतं. जठरातली गाठ पुढच्या टप्प्यात गेली असेल तर मुख्य ऑपरेशनआधी लॅपरोस्कोपीनं पोटात डोकावतात, कारण पोटाच्या पडद्यावरचे बारीक दाणे स्कॅनला दिसत नाहीत. पेट स्कॅन अन्ननलिकेत उपयोगी पडतो. मोठ्या आतड्याच्या प्रत्येक रुग्णाला तो लागत नाही, त्यामुळे "सगळ्यात महागडी तपासणी आधी" असा आग्रह धरू नका.

सीईए ही रक्ततपासणी निदानासाठी नसते. ती नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. ऑपरेशनआधीचा आकडा पुढच्या तुलनेसाठी मात्र हवा.

आधी ऑपरेशन की आधी औषध

सर्जन, केमोथेरपीचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात, त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "आमची केस बोर्डासमोर ठेवली का?" हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

मोठ्या आतड्याची न पसरलेली गाठ बहुतेकदा सरळ ऑपरेशनला जाते. गुदाशयाची पुढे गेलेली गाठ मात्र तशी जाऊ नये. तिला आधी रेडिएशन लागतं, एक तर पाच दिवसांचं किंवा केमोसोबत पाच-साडेपाच आठवड्यांचं. हल्ली बरीच केमोही ऑपरेशनआधीच पूर्ण करतात. काही रुग्णांत गाठ पूर्ण विरघळते, आणि कडक देखरेखीखाली ऑपरेशन टाळताही येतं. एमएमआर तपासणीत दोष निघाला, तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधांचा, पर्याय ऑपरेशनआधीच विचारात घ्यावा.

जठराच्या पुढच्या टप्प्यात फ्लॉट नावाची केमो दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा ऑपरेशनआधी आणि चार वेळा नंतर देतात. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन आणि आठवड्याला एक अशी केमो. मोठी किंवा अडचणीच्या जागेची जिस्ट आधी इमॅटिनिबच्या गोळीनं लहान करता येते. ऑपरेशननंतर धोका जास्त असेल तर तीच गोळी तीन वर्षं चालते.

अगदी सुरुवातीची, वरच्या थरातली गाठ कधी पोट न उघडता दुर्बिणीतूनच सोलून काढता येते. ती कुणाला लागू पडेल हे अनुभवी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टच ठरवू शकतात.

नागपुरात कुठे, आणि पैशांचं काय

मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय, मेयो, मिहानमधलं एम्स, मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट ही मोठी ठिकाणं. खाजगी रुग्णालयं धंतोली, रामदासपेठेत एकवटलेली आहेत. सर्जन निवडताना इमारत पाहू नका. "तुम्ही हे ऑपरेशन नेहमी करता का? आयसीयू आणि रात्री-बेरात्री स्कॅनची सोय इथेच आहे का?" हे विचारा. अन्ननलिका आणि गुदाशयाची ऑपरेशनं जिथे नेहमी होतात तिथेच करून घ्यावीत, मग घरापासून दूर असलं तरी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजना ठरलेल्या पॅकेजवर चालते आणि आधी मंजुरी लागते, म्हणून भरती व्हायच्या आधीच चौकशी करा. निदान होईपर्यंतच्या तपासण्या बहुतेकदा खिशातूनच होतात. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८०० २३३ २२००. बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगावहून येणाऱ्यांना आयुष्मान कार्ड महाराष्ट्रातल्या यादीवरच्या रुग्णालयातही वापरता येतं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाड्याची सवलत आहे, सोबत्यालाही ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या.

ऑपरेशनआधीचे दोन-चार आठवडे

हा काळ वाट बघण्यात घालवू नका. खर्रा, बिडी, सिगारेट आजपासून बंद. चार आठवडे बंद राहिलं तर छातीचे आणि जखमेचे त्रास खरंच कमी होतात. रोज अर्धा तास चाला. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर) आत्ताच आणा, ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. जागेपणी तासाला दहा वेळा.

वजन उतरलेल्या माणसाला अंडी, दूध, पनीर, डाळ असं प्रथिनं वाढवणारं खाणं द्या. गिळता येत नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालून आहार देतात. नळी म्हणजे शेवट नव्हे, ती ऑपरेशन सोसण्याची ताकद भरून काढते. हिमोग्लोबिन कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. साखर आटोक्यात हवी.

गुदाशयाचं ऑपरेशन असेल तर पोटावर शौचाची पिशवी, म्हणजे स्टोमा, लागेल का आणि तात्पुरता की कायमचा, हे आधीच विचारा. लागणार असेल तर त्याची जागा आदल्या दिवशी मार्करनं खूण करून ठरवायला हवी. नर्स रुग्णाला उभं करते, बसवते, वाकवते, उकिडवं बसायला सांगते. पोटाला कुठे घडी पडते, साडीखालच्या परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, हे बघून त्या रेषा टाळते. आणि रुग्णाला ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी दिसते का, ते विचारते. दिसली नाही तर पिशवी बदलायला आयुष्यभर दुसऱ्याचे हात लागतात. ही पाच-दहा मिनिटांची गोष्ट आहे, ती राहून गेली असेल तर ऑपरेशन थिएटरला जाण्याआधी आठवण करून द्या.

"बाबांना सांगू नका" ही विनंती आपल्याकडे प्रत्येक घर करतं. मायेपोटीच करतं. पण पोटावर पिशवी लागणारा, महिनोन्‌महिने केमो घेणारा माणूस अंधारात राहू शकत नाही, आणि संमतीची सही त्याची असते. त्यांना झेपेल तसं, पण खरं सांगा.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं

गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचा निरोगी भाग, आणि रक्तवाहिन्यांलगतचे लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, असं सगळं एकत्र काढतात. मोठ्या आतड्यात निदान १२ लिम्फ नोड तपासले जायला हवेत, जठरात १५-१६. जिस्ट याला अपवाद: ती सहसा लिम्फ नोडमध्ये जात नाही, म्हणून थोड्या कडेसकट गाठ न फोडता काढणं पुरतं. फुटली तर ती पोटभर पसरू शकते.

जठराचा भाग काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्नात केलं. आज खालच्या भागातल्या गाठीला अर्धं-पाऊण जठर काढतात, वरच्या भागातल्या गाठीला बहुधा पूर्ण. अन्ननलिका काढली तर जठराचीच नळी करून ती वर मानेपर्यंत किंवा छातीत नेऊन जोडतात. गुदाशयात त्याभोवतीचं चरबीचं वेष्टण अखंड काढायचं, ही पद्धत बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली, आणि गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण त्यानं खूप खाली आलं. लॅपरोस्कोपी किंवा रोबोटनं जखम लहान राहते आणि माणूस लवकर उठतो. आत काढायचं ते तेवढंच. अनुभवी हातांनी उघडून केलेलं ऑपरेशन कमी दर्जाचं नसतं.

आतड्याचा जोड गळणं ही सगळ्यात गंभीर गुंतागुंत. ती बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसात दिसते. ताप, वाढलेले ठोके, पोट ताठ होणं, नळीतून घाण येणं. घरी गेल्यावर यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. खालच्या जोडाला आराम मिळावा म्हणूनच तात्पुरता स्टोमा ठेवतात.

घरी आल्यावर

पूर्ण जठर काढलेल्या माणसानं दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं, पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतरानं प्यावं. उसाचा रस, गुलाबजाम अशा गोड गोष्टींनी घाम, धडधड, जुलाब होतात. बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर. आणि नागपूरकरांसाठी खास सूचना: जठर काढलेल्यांनी, स्टोमा असलेल्यांनीही, संत्र्याची फोड सालपटासकट गिळू नये. तिच्या चोथ्याचा गोळा होऊन आतडं अडकतं. रस गाळून प्या. मक्याचं कणीस, बोरं यांचंही तसंच.

लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे इलिओस्टॉमी, असेल तर आपल्या उन्हाळ्याचा धोका वेगळाच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घामानं पिशवीची चकती सुटते, आणि शरीरातलं पाणी नि मीठ दोन्हीकडून जातं. दिवसाला किती पडतं ते मोजून वहीत लिहा. दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी आणि गडद झाली, तर किडनीला धोका आहे. अशा वेळी नुसतं साधं पाणी पीत राहिल्यानं मीठ आणखी वाहून जातं. एक लिटर पाण्यात एक पुडी असं ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शक्य असल्यास पिशव्या दुपारच्या उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा.

शेवटचा रिपोर्ट आणि पुढची वर्षं

काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. त्यात कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशींविना, आहेत का, किती लिम्फ नोड तपासले आणि त्यांतले किती बाधित, हे बघा. केमो लागणार असेल तर ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हावी. ऑक्सॅलिप्लॅटिन असलेल्या केमोनंतर काही दिवस फ्रीजचं पाणी, बर्फ, एसीचा थेट झोत टाळा. बोटांत झिणझिण्या आणि घशात आवळल्यासारखं होतं. उन्हाळ्यात हे पाळणं जिवावर येतं, तरी माठाचंही पाणी थोडा वेळ बाहेर ठेवून प्या.

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या रुग्णांत पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. सीटी बहुधा वर्षातून एकदा. वर्षभरानं कोलोनोस्कोपी. गाठीनं आतडं अडल्यामुळे ऑपरेशनआधी पूर्ण आतडं बघता आलं नसेल तर तीन ते सहा महिन्यांतच.

आणि सख्खी भावंडं, मुलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर घरात निघाला असेल तर त्यांनी वयाच्या चाळिशीत, किंवा रुग्णाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर असेल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी. वडिलांचं निदान ४५ व्या वर्षी झालं असेल, तर मुलाची वेळ ३५ व्या वर्षी येते.